जकात नाका: चौदा शिशाच्या फिगर आणि एक अडसर

३ जून

जुन्या लाकडी खणातून चौदा फिगर, म्हणजे रंगवायच्या छोट्या बाहुल्या, बाहेर काढल्या. २८ मिमी, शिसं आणि कथलाच्या मिश्रधातूच्या, हातात घेतल्यावर वजन जाणवणाऱ्या. कुणीतरी कधीकाळी त्यांना जाड इनॅमलचा रंग फासलाय, त्यावर कुणीतरी ॲक्रिलिकने दुरुस्ती केलीय. यांचा मला जकात नाका करायचाय. टेबलामागे कारकून, दोन भालेवाले पहारेकरी, मधे आडवा लाकडी अडसर आणि त्यापुढे अकरा जणांची रांग: व्यापारी, ओझेवाले, बदकं घेऊन आलेली एक म्हातारी.

विषय सुचला तो मित्राशी चाललेल्या जुन्या वादातून. सरकारने लोकांच्या कामात जितकं कमी नाक खुपसावं तितकं बरं, असं माझं मत. त्याचं बरोब्बर उलट. त्यामुळे या नोंदींत रंगाबरोबर थोडं राजकारणही सांडेल. नको असेल त्यांनी तेवढ्या ओळी गाळाव्यात.

पहिली चूक पहिल्या दहा मिनिटांत. चार फिगरवर पांढरी भुकटी साचली होती. धूळ समजून मी कोरड्या टूथब्रशने ती घासायला घेतली. तीन फिगर घासून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ती धूळ नव्हती, शिशाला लागलेली कीड होती. लाकडातून, विशेषतः ओकसारख्या लाकडातून, असेटिक आम्लाची वाफ सुटत राहते. बंद खणात ती शिशाला खाते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून शिशाचं कार्बोनेट बनतं. म्हणजे मी शिशाची भुकटी नाकासमोर उडवत बसलो होतो.

थांबलो. टेबल, दिवा, खुर्चीचे हात, सगळं ओल्या कागदी टॉवेलने पुसलं. टॉवेल पिशवीत बांधून वेगळे ठेवले. टूथब्रशही त्यातच. मग हातमोजे घालून डिस्टिल्ड पाण्यात बुडवूनच मऊ ब्रशने भुकटी काढली. शिसं धरल्याने बोटांतून अंगात शिरतं असं फारसं होत नाही. खरा रस्ता तोंडाचा आणि श्वासाचा. त्यामुळे कानस, सँडपेपर, घासणं, जे काही असेल ते ओलंच करा. एका पहारेकऱ्याच्या भाल्याचं टोक मात्र हातात चुरा होऊन आलं.

४ जून

काल रात्री झोप येईना म्हणून त्या भुकटीबद्दल वाचत बसलो. गंमत अशी की चित्रकारांचा जुना सफेदा म्हणजे जवळपास हाच माल. डच पद्धतीत शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवून ती भांडी शेणखतात पुरायचे. व्हिनेगर वाफ पुरवायचं, खत ऊब आणि कार्बन डायऑक्साइड. माझ्या खणाने तेच काम वर्षानुवर्षं बिनपगारी केलं.

या सफेद्यावर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९२१ चा करार आहे, क्रमांक १३. इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये, असं त्यात ठरलं. रेल्वे स्थानकं आणि कारखाने यांच्यासाठी पळवाट ठेवली. औद्योगिक रंगकामात अठरा वर्षांखालची मुलं आणि सगळ्या वयाच्या बायका यांना या कामातून वगळलं. आणि कलात्मक रंगकामाला हा करार लागूच नाही. भिंत रंगवणाऱ्याला नियम, चित्र रंगवणाऱ्याला सूट. मी या दोघांत कुठे बसतो, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात घर करून आहे. मी कामगार नाही, चित्रकार म्हणवून घ्यायला लाज वाटते, आणि खेळणी म्हणावीत तर माझं वय त्या रकान्यात बसत नाही.

६ ते १० जून

रंग उतरवणं. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवल्यावर वरचं ॲक्रिलिक सकाळी सालीसारखं निघालं. खालच्या इनॅमलवर ओरखडाही नाही. अशा रंगाला पूर्वी डायक्लोरोमिथेनचं रिमूव्हर लावायचे. वीस मिनिटांत रंग फुगून वर यायचा. ते आता घरगुती ग्राहकाला सहजी मिळत नाही. युरोपने आधी बंद केलं, अमेरिकेने २०१९ मध्ये. दुकानात बेंझिल अल्कोहोलची जेली मिळाली. एक दिवस झाला, काही नाही. दोन दिवस झाले, कडा जरा सैल. मी फोनवर मित्राकडे यथेच्छ बडबड केली: चार भित्र्या अधिकाऱ्यांनी चांगली वस्तू बाजारातून उठवली, वगैरे.

तो म्हणाला, "अरे, ती कुणामुळे उठवली ते वाचलंस का?"

वाचलं नव्हतं. वाचलं. जुने बाथटब खरवडून नवे करणारे कामगार बंद न्हाणीघरात हे रिमूव्हर ओतून टबमध्ये वाकून काम करायचे. वाफ हवेपेक्षा जड, ती टबात तळाशी साचते. अंगात गेल्यावर तिचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात असे किमान तेरा कामगार मेल्याची नोंद आहे. डब्यावर "हवेशीर जागेत वापरा" असं छापलेलं होतंच. न्हाणीघर हवेशीर नव्हतं आणि काम तर तिथेच होतं.

मी गप्प बसलो, पण धीर धरला नाही. तिसऱ्या दिवशी कारकून आणि एक व्यापारी असीटोनमध्ये टाकले, म्हणजे साध्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये. रंग झकास निघाला. सोबत कारकुनाचं टेबलही. ते धातूचं नव्हतं, आधीच्या मालकाने पॉलिस्टायरीनचं करून जोडलं होतं, आणि असीटोनने त्याचा च्युइंगगम केला. वजनावरून ओळखायला हवं होतं, किंवा खालच्या बाजूला सुई टोचून पाहायला हवं होतं. सरकारी कामकाज टेबलाअभावी ठप्प.

बाकीच्या बारा फिगर जेलीत चार दिवस राहिल्या आणि पाचव्या दिवशी स्वच्छ निघाल्या. जेली वाईट नाही. मीच घाईत होतो.

१२ जून

पिनिंग, म्हणजे तुटलेले भाग तारेने जोडणं. पहारेकऱ्याला ०.८ मिमी पितळी तारेचा नवा भाला, टोक पक्कडीने चेपून. कारकुनाला बाल्साच्या (हलक्या, मऊ लाकडाच्या) पट्ट्यांचं नवं टेबल, जुन्यापेक्षा चांगलं. शिसं मऊ असल्यामुळे हातातला ड्रिल सरळ आत जातो, पण बिट गच्च भरतो. दर दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून ओल्या कपड्यावर पुसा.

१५ जून

आज स्प्रे प्राइमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायचा थर, आणि आज पराभव.

दिवसभर हवा दमट होती, संध्याकाळी जरा बरी वाटली म्हणून बाहेर जाऊन मारला. डबी हाताभर लांब धरली, कारण जवळून मारल्यास बारकावे बुजतात ही भीती. लांबून मारल्याने थेंब हवेतच अर्धे सुकले आणि फिगरवर रव्यासारखे बसले. चौदापैकी नऊ जणांना अंगभर काटा आलाय. म्हातारीची बदकं मेंढ्या वाटतात. अंतर २० ते २५ सेंटिमीटर हवं होतं, हात सतत हलता, आणि डबी आधी दोन मिनिटं जोरात हलवलेली. आधी टाकाऊ प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघायचं, हे मी दुसऱ्यांना सांगतो.

१८ जून

नऊ जण परत अल्कोहोलमध्ये. खर्च: अख्खी डबी, चार संध्याकाळी. नवी डबी मागवायला गेलो तर कुरिअर विमानाने नेत नाही, ज्वालाग्राही म्हणून. मग मी पुन्हा नियमांवर चिडलो. डबीत मागून ढकलायला प्रोपेन-ब्युटेन असतो, कधी डायमिथाइल ईथर. पूर्वी क्लोरोफ्लोरोकार्बन असायचे, जे पेटत नव्हते. म्हणजे डबीवर ही आगीची खूण आली तीही एका नियमाच्या पोटीच.

पण या एका नियमाशी भांडायला माझ्याकडे काही नाही. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलं की हा वायू वर जाऊन ओझोन खातो. अमेरिकेने १९७८ मध्ये बहुतेक स्प्रे डब्यांतून तो काढला, १९८७ मध्ये मॉन्ट्रियलचा करार झाला, आणि थर सावरतोय. आकाशातलं भोक बुजवण्यासाठी मला ब्रशने प्राइमर लावावा लागणार असेल तर लावतो.

लावला. दोन पातळ हात, मधे रात्रभर विश्रांती. पहिला हात डागाळ दिसतो, घाबरू नका. भरून काढायला जाड थर दिलात तर चेहरे बुजतील. वाळल्यावर वरून फिकट राखाडीचा ड्रायब्रश (जवळपास कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं), म्हणजे उजेड कुठून येतोय ते पुढे आपोआप दिसतं.

२२ जून

बेसचे रंग. कातडं, लोकर, लाकूड, रांगेतल्यांचे मळकट कपडे. सांगण्यासारखं काही बिघडलं नाही. वेट पॅलेटमुळे (खाली ओला स्पंज असलेली रंगाची पाटी) रंग तीन दिवस जिवंत राहिला.

२६ जून

कारकुनाचे डोळे. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. पहिला प्रयत्न: तिरळा. दुसरा: भूत पाहिल्यासारखा. तिसऱ्यांदा आधी पूर्ण खोबण गडद तपकिरी केली, पांढऱ्याची आडवी रेघ दिली, मग बुबुळाचा ठिपका न देता वरून खालपर्यंत उभी रेघ ओढली आणि वरखालची जास्तीची त्वचेच्या रंगाने झाकली. जमलं. माणूस आता कंटाळलेला दिसतो, जे मला हवंच होतं.

पण ही नोंद डोळ्यांसाठी नाही. तिसऱ्या प्रयत्नात ब्रश माझ्या ओठांत होता. टोक यायला मी तो चाटतो. या छंदातले किती तरी जण चाटतात. कधी चाटला हे कळतच नाही. त्या संध्याकाळी मी मोजायचं ठरवलं. एका तासात एकोणीस वेळा. आणि हा तोच मी, ज्याने तीन तारखेला शिशासाठी अख्खी खोली पुसली होती. प्राइमरखाली शिसं झाकलेलं आहे हे खरं, पण ब्रशमधला रंग तर उघडाच आहे.

घड्याळांच्या तबकड्यांवर किरणोत्सर्गी रेडियमचे आकडे रंगवणाऱ्या मुलींना हेच शिकवलेलं होतं: ओठांनी टोक कर, बुडव, रंगव. न्यू जर्सीतल्या ऑरेंजमध्ये, कनेटिकटमधल्या वॉटरबरीत, इलिनॉयमधल्या ओटावात. त्यांचे जबडे झिजले, हाडं मोडली. न्यू जर्सीतल्या पाच जणींच्या खटल्यात १९२८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, तोवर त्यांतल्या दोघी अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांच्या मालकांनाही नियम नको होते. माझ्यासारखेच.

उपाय: डाव्या हाताला ओला स्पंज, टोक त्यावर फिरवून घ्यायचं. पहिले दोन दिवस ब्रश तरीही तोंडाकडे जात होता. मग दांड्याच्या पुढच्या भागावर लाल टेपची पट्टी चिकटवली. ती डोळ्यांजवळ आली की हात थबकतो.

२ जुलै

पुढच्या व्यापाऱ्याचा लाल झगा. काळ्या-करड्या प्राइमरवर सरळ लाल लावला. सहा हात झाले तरी खालचं काळं डोकावतंय. छंदाच्या बाटल्यांतले बहुतेक लाल सेंद्रिय रंगद्रव्याचे, पारदर्शक. मित्राने, जो कॅनव्हासवर रंगवतो, आपली कॅडमियम लालची ट्यूब दिली. ती एका हातात झाकते, पण या मापाला दाणा जरा जाड आणि रंग चकचकीत. झगा प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसू लागला. शेवटी सगळं पुसून आधी विटकरी तपकिरी, त्यावर मळकट गुलाबी, मग साधा लाल दोन हात. सावलीला जांभळट तपकिरीचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग. अडीच संध्याकाळी एका झग्याला.

कॅडमियमच्या ट्यूबवरही असंच एक राजकारण होऊन गेलंय. कलाकारांच्या रंगांतलं कॅडमियम युरोपभर बंद करा, असा प्रस्ताव स्वीडनने मांडला. मुद्दा सरळ होता: ब्रश बेसिनमध्ये धुतला जातो, कॅडमियम सांडपाण्याच्या गाळात जातं, गाळ शेतात, शेतातून ताटात. कलाकारांनी आणि रंग बनवणाऱ्यांनी गदारोळ केला, त्या वाटेने जाणारं प्रमाण नगण्य आहे असं तज्ज्ञ समित्यांचंही मत पडलं आणि २०१५ मध्ये प्रस्ताव बारगळला.

मी आता ब्रश आधी कागदाला पुसतो, मग बरणीत धुतो. बरणीतलं पाणी नळाखाली ओतत नाही. तसंच वाळू देतो आणि तळाचा गाळ त्या बांधलेल्या टॉवेलांसोबत घातक कचऱ्यात देतो. हे मला कुणीही करायला लावलेलं नाही.

५ जुलै

मित्र आला होता. त्याने रांग निरखून पाहिली आणि विचारलं, "यातला कोण सुटतो?"

मी त्याला न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. १९९३ मध्ये तिथे शिशावरचा कायदा फिगरवर बेतला. कारखानदारांनी धास्तीने शिसं सोडून बिनशिशाचा धातू ओतायला घेतला, जो महाग पडतो, आणि किमती चढल्या. छंदवाल्यांनी आणि कारखानदारांनी काही महिने आरडाओरडा केला. शेवटी गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी फिगरना सूट देणाऱ्या विधेयकावर सही केली. पण तोवर साचे, कथील, सगळं बदललेलं. अमेरिकेतले बहुतेक जण शिशाकडे परतलेच नाहीत. माझ्या या चौदा त्याआधीच्या पिढीच्या.

मला ही गोष्ट आजवर सरकारच्या फजितीची म्हणून आवडायची. सांगता सांगता लक्षात आलं की सूट प्रत्येक वेळी आम्हालाच मिळालीय. १९२१ ला चित्रकार सुटले, १९९३ ला फिगरवाले, २०१५ ला पुन्हा चित्रकार. आम्हाला पत्र लिहिता येतं, वेळ असतो, मंत्र्याच्या सचिवाला कंटाळा येईपर्यंत फोन करता येतो. बाथटब खरवडणाऱ्याकडे यातलं काय होतं? त्या तबकडीवाल्या मुलींना वकील मिळायलाच दोन वर्षं लागली. ज्या नियमांवर मी गेला महिनाभर चिडचिड करतोय, त्यातला एकही मुळात माझ्यासाठी लिहिलेला नाही. मी त्यांच्या वाटेत आलो, एवढंच.

मित्राला हे जिंकल्यासारखं वाटू नये म्हणून मी लगेच त्याला टायटॅनियमची गोष्ट ऐकवली.

९ जुलै

ती गोष्ट अशी. म्हातारीची तीन बदकं पांढरी करायची होती. पांढरा रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. युरोपने २०२० मध्ये त्याच्या भुकटीवर "श्वासातून गेल्यास कर्करोगाचा संशय" असा शिक्का मारला. मग द्रवरूप रंगांच्या बाटल्यांवरही, फवारल्यास घातक थेंब तयार होऊ शकतात, असा इशारा आला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने ते वर्गीकरण रद्द केलं, पुराव्याच्या मूल्यमापनात उघड चूक झाली म्हणून. एवढा खटाटोप, आणि माझ्या बाटलीवर इशारा तसाच छापलेला. मित्र यावर काही बोलला नाही. बदकं हातात घेऊन बसला.

बदकांचं म्हणाल तर, पांढरा सरळ लावला की खडूसारखा फुटतो. कोमट राखाडीपासून सुरुवात करा, पाण्याने नव्हे तर मॅट मीडियमने (रंगद्रव्य नसलेल्या, न चमकणाऱ्या द्रवाने) पातळ करा, आणि शुद्ध पांढरा फक्त पाठीच्या वरच्या कडेला. पहिलं बदक खडूचं झालं. ते रांगेत मागे ठेवलंय.

१३ जुलै

मॅट व्हार्निश, पुन्हा स्प्रेचा, पुन्हा दमट हवेत. होय, पुन्हा. पाच फिगरवर धुकं उतरलं, लाल झगा गुलाबी राख. अडीच संध्याकाळींचा झगा. दहा मिनिटं नुसता बघत बसलो.

वाचवता येतं. ग्लॉस व्हार्निशचा पातळ हात ब्रशने दिला की धुकं बहुतांशी विरतं, कारण ते पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खडबडीमुळे दिसतं आणि ग्लॉस ती भरून काढतो. पूर्ण वाळल्यावर ब्रशनेच मॅट. झगा परत लाल झाला, घडीच्या एका खाचेत जरा पांढुरकं राहिलंय. धूळ म्हणून खपेल.

आतापर्यंतचा हिशेब: साधारण सत्तर तास, त्यातले निम्मे स्वतःच्याच चुका निस्तरण्यात. स्प्रेच्या दोन डब्या, एक सेबलचा ब्रश (प्राइमरमध्ये वापरला, मूर्खपणा), एक प्लास्टिकचं टेबल.

१६ जुलै

बेस, म्हणजे फिगरखालची जमीन. कॉर्कचा रस्ता, वाळू, चाकांच्या चाकोऱ्या. रांगेत माणसं सारख्या अंतरावर लावली तर कवायत दिसते. पुढे दाटी, मागे विरळ असं केल्यावर थांबून कंटाळल्याचा भास येतो. म्हातारी शेवटी होती, ती तिसऱ्या जागी आणली. का, ते सांगता येत नाही.

राहिला अडसर. बाल्साची दांडी, एका टोकाला तारेची खिळी, खांबात भोक. मित्राचं म्हणणं दांडी खाली हवी, नाहीतर नाका कसला. माझं म्हणणं वर, म्हातारी निघतेय असं दिसावं. तडजोड म्हणून खिळी सैल ठेवायची ठरली, ज्याला हवं त्याने वर-खाली करावी. मी खांबाच्या बुडाशी पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडला. तो लाकडाच्या रेषेतून वर चढला, खिळीपर्यंत पोचला, आणि मी दांडी हलवून पाहत असतानाच तिथे धरला.

अडसर पंचेचाळीस अंशांवर कायमचा अडकलाय. असीटोनने सुटेल, पण खांबाच्या पायाशी पॉलिस्टायरीनच्या पायऱ्या आहेत.

असा फिरता भाग करणार असाल तर खिळीला आधी व्हॅसलीन लावा, आणि जवळपास पातळ सुपरग्लू वापरू नका, जेलवाला वापरा.